विहीर परत मिळते, मग जमीन का नाही? नेवाळीच्या जुन्या लष्करी धावपट्टीची गोष्ट

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. विषय ठाणे जिल्ह्यातला आहे, पण शेवटी आपल्याच तालुक्यात येऊन थांबतो.

उन्हाळा लागला की आपल्याकडे एक सरकारी शब्द हमखास कानावर येतो : विहीर अधिग्रहण. गावाची विहीर आटते, मग तहसीलदारांचा आदेश निघतो आणि एखाद्याच्या मळ्यातली पाण्याची विहीर गावासाठी ताब्यात घेतली जाते. मालकाला ठरलेला मोबदला मिळतो (कधी मिळतो, हा वेगळ्या पोस्टचा विषय). पाऊस पडला, टंचाई संपली की विहीर पुन्हा मालकाची. निवडणुकीतही तसंच. जीपा, टेम्पो, बस दोन दिवस ताब्यात घेतात, मतदान झालं की गाडी परत. कुणी तहसीलदार पुढची पंचाहत्तर वर्षं तुमची जीप ठेवून घेत नाही.

अधिग्रहण म्हणजे गरजेपुरता ताबा. संपादन म्हणजे कायमची मालकी. बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण या दोन शब्दांतल्या फरकावर कल्याणजवळच्या शेतकऱ्यांच्या तीन पिढ्या भांडत आल्या आहेत. त्या जागेचं नाव नेवाळी.

कल्याणहून मलंगगडाकडे जाताना नेवाळी लागतं. आजूबाजूला भाल, द्वारली, माणेरे, वसार अशी गावं. एका बाजूला अंबरनाथ-उल्हासनगर, दुसऱ्या बाजूला डोंबिवली. आपल्या तालुक्यातली किती तरी पोरं कामधंद्यासाठी याच पट्ट्यात राहतात, त्यांच्या रोजच्या येण्याजाण्यातलं हे नाव आहे. पण इथे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी धावपट्टी आहे, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. मी विचारलं तर एक जण म्हणाला, नेवाळी नाका माहितीये, विमानतळाचं काही ऐकलं नाही.

आता मागे जाऊ. साल १९४२. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. इंग्रजांचा अभेद्य म्हणवला जाणारा किल्ला जपानने घेतला. मार्चमध्ये रंगून गेलं. ५ एप्रिलला कोलंबोवर बॉम्ब पडले आणि दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, आपल्या विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर. युद्ध दाराशी आलं. दिल्लीतल्या इंग्रज सरकारची झोप उडाली आणि देशभर विमानतळ बांधायचा सपाटा सुरू झाला. दोन-तीन वर्षांत हिंदुस्थानात दोनशेहून अधिक धावपट्ट्या तयार झाल्या किंवा वाढवल्या गेल्या.

महाराष्ट्राच्या वाट्यालाही बऱ्याच आल्या. पुण्याचं लोहगाव १९३९ चं, मुंबईच्या संरक्षणासाठी बांधलेलं. गोंदियाजवळचं बिरसी १९४० चं. मुंबईत सांताक्रूझला इंग्रज हवाई दलाचा तळ होता. युद्धानंतर तोच मुंबईचा मोठा विमानतळ झाला. या सगळ्या जागा कोणत्या ना कोणत्या रूपात टिकल्या. लोहगावला हवाई दल आहे आणि प्रवासी विमानंही उतरतात. बिरसीहून प्रवासी सेवा सुरू झाली. सांताक्रूझचं तर सांगायलाच नको.

नेवाळीची धावपट्टी मात्र युद्धाबरोबरच संपली.

इथे धावपट्टी का? कारण शेजारीच कल्याणचा लष्करी कॅम्प होता. जहाजातून मुंबईला उतरलेले किंवा जहाज पकडायला निघालेले सैनिक तिथे मुक्काम करत. सहा हजार सैनिक आणि इतर तीस हजार माणसं राहतील एवढी त्याची तयारी. बराकीच दोन हजारांच्या वर. रेल्वे जवळ, बंदर जवळ, सपाट भातखाचरं आणि पाठीशी डोंगर. नकाशावर बोट ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला अजून काय पाहिजे?

आपल्या जिल्ह्यातलं देवळालीही असंच सैनिकांच्या मुक्कामाचं ठिकाण होतं. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे अडकून पडलेले गोरे शिपाई कंटाळून वेडे व्हायचे म्हणे. इंग्रजीत डोकं फिरलेल्याला आजही 'डूलाली' म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीवरूनच गेलाय. देवळाली अजून लष्कराकडे आहे. कल्याण कॅम्पचं नशीब वेगळं निघालं. त्याकडे येतोच.

नेवाळीला जमीन गेली ती १९४२-४३ च्या सुमारास. किती? बातम्यांत साधारण सोळाशे एकर असा आकडा येतो. एवढी जमीन कशाला लागते, हा प्रश्न मलाही पडला होता. म्हणून जरा हिशेब केला. त्या काळात जड बॉम्बर विमानांसाठी इंग्रज हवाई दलाची मोठी धावपट्टी साधारण दोन हजार यार्ड लांब आणि पन्नास यार्ड रुंद असायची. म्हणजे एक लाख चौरस यार्ड. एका एकरात ४,८४० चौरस यार्ड. भागाकार केला तर जेमतेम २१ एकर! अशा तीन धावपट्ट्या धरल्या तरी शंभर एकरसुद्धा होत नाहीत.

बाकीची जमीन जाते ती भीतीपोटी. एका बॉम्बमध्ये सगळी विमानं जळू नयेत म्हणून ती लांब लांब, पांगवून उभी करायची. दारूगोळ्याचं कोठार राहायच्या जागेपासून दूर. इंधन त्याहून वेगळीकडे. माणसांच्या बराकी आणखी तिसरीकडे. या सगळ्याला जोडणारे रस्ते. आणि भोवती मोकळं रान, कारण विमान उतरताना मध्ये झाड नको, घर नको. म्हणून युद्धातला विमानतळ गावंच्या गावं खातो.

आता मुद्द्याचं. ही जमीन कोणत्या कायद्याने घेतली?

युद्ध सुरू होताच १९३९ मध्ये सरकारने भारत संरक्षण कायदा आणला. त्याखालच्या नियमांत ७५-अ नावाचा नियम होता. युद्धासाठी कुणाचीही जमीन, घर, गाडी, बोट ताब्यात घ्यायचा अधिकार त्याने सरकारला दिला. भूसंपादनासारखी हरकती, सुनावणी अशी भानगड नाही. आदेश काढला की ताबा. पण त्याच नियमात पुढची पायरीही लिहिली होती. ताब्यात घेतलेली वस्तू सरकारला कायमची ठेवायची असेल, तर मालकाला तशी वेगळी नोटीस द्यायची. म्हणजे आधी अधिग्रहण आणि गरज वाटलीच तर नंतर संपादन. दोन पायऱ्या, दोन कागद.

नेवाळीचं सगळं भांडण या दुसऱ्या कागदाभोवती फिरतं. शेतकऱ्यांचं म्हणणं, आमच्या आजोबा-पणजोबांची जमीन युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपल्यावर परत द्यायची होती. संरक्षण खात्याचं म्हणणं, जमीन सरकारची आहे, आमच्या मालकीची आहे. कोण बरोबर हे मी ठरवणार नाही, ते काम कोर्टाचं आणि महसूल दप्तराचं. पण प्रश्न कुठे अडलाय ते नीट कळलं पाहिजे.

१५ ऑगस्ट १९४५ ला जपानने शरणागती जाहीर केली. युद्ध संपलं. ३० सप्टेंबर १९४६ ला भारत संरक्षण कायद्याची मुदतही संपली. त्यासोबत ताबे सुटायला हवे होते. पण लगेच वटहुकूम आला आणि १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला. युद्धात अधिग्रहित केलेल्या जमिनींवरचा सरकारचा ताबा पुढे चालू ठेवायचा, हाच त्याचा विषय. मग स्वातंत्र्य आलं. १९५२ मध्ये आपल्याच संसदेने स्थावर मालमत्तेच्या अधिग्रहणाचा आणि संपादनाचा नवा कायदा केला. गोरा साहेब गेला. त्याने घातलेलं कुलूप तसंच राहिलं, फक्त किल्ली दुसऱ्याच्या कमरेला लागली.

आणि शेजारच्या कल्याण कॅम्पचं काय झालं बघा. फाळणी झाली. सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना सरकारने त्याच रिकाम्या बराकींत आणून ठेवलं. संख्या लाखाच्या घरात गेली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे शहराची पायाभरणी झाली आणि नाव मिळालं उल्हासनगर. आज ज्याला आपण जीन्सचं, फर्निचरचं, वाटेल ते बनवणारं उल्हासनगर म्हणतो, ते महायुद्धाच्या बराकींतून उगवलं. युद्धासाठी उभारलेली जागा, युद्ध संपल्यावर माणसांच्या कामी आली.

धावपट्टीला असा दुसरा जन्म मिळाला नाही. विमानं गेली, माणसं गेली. कागदावर संरक्षण खातं राहिलं, पुढे नौदल आलं. जमिनीवर मात्र आसपासच्या गावांनी पुन्हा भात लावायला सुरुवात केली. नांगर एकाचा, दप्तर दुसऱ्याचं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं आणि कुणाला त्याचं फार काही वाटलंही नाही. कारण तोवर ती आडबाजूची खाचरं होती.

मग मुंबई सरकत सरकत तिथवर आली. डोंबिवली फुगली, अंबरनाथ-बदलापूर वाढलं, रस्ते रुंद झाले, बिल्डरांचे बोर्ड लागले. २०१० मध्ये नवी मुंबई विमानतळाला पर्यावरण परवानगी मिळत नव्हती, तेव्हा पर्याय म्हणून कल्याणच्या या जागेची चर्चा दिल्लीपर्यंत झाली. शेवटी विमानतळ पनवेलजवळच झाला. पण नेवाळीची जमीन आता सोन्याची झालीय, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. जमिनीचा भाव वाढला की जुने कागद बोलायला लागतात.

२०१७ मध्ये नौदलाने जागेभोवती भिंत घालायला घेतली. दिवस जूनचे, पेरणीचे. भिंत पुढे सरकायला लागली तशी खाचरं आत जायला लागली. २२ जून २०१७ ला सकाळी शेतकरी रस्त्यावर उतरले. रस्ते अडवले, पोलिसांच्या गाड्या पेटल्या. पोलिसांनी अश्रुधूर आणि छर्‍यांचा मारा केला. दोन्हीकडचे लोक जखमी झाले. मग गुन्हे, धरपकड, गावात शुकशुकाट. जाळपोळीचं समर्थन कुणीच करू नये, मीही करत नाही. त्या दिवशी मार खाल्लेला पोलीसही कुठल्या तरी शेतकऱ्याचाच पोरगा असणार.

आपल्याला ही बातमी फारशी आठवत नाही, त्याचं कारण आहे. १ जूनपासून शेतकरी संप सुरू होता. पुणतांब्याहून निघालेली ठिणगी आपल्या नाशिक जिल्ह्यात सगळ्यात जास्त पेटली होती. दूध रस्त्यावर, बाजार समित्या बंद. २४ जूनला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. नेवाळी बरोबर त्याच्या दोन दिवस आधी. आम्ही सगळे पत्रकार निकष, दीड लाखाची मर्यादा, थकबाकीदार कोण, यातच अडकलो होतो. नेवाळी आतल्या पानावर गेली आणि मग पानावरूनही गेली.

गेल्या पावसाळ्यात नातेवाइकांकडे अंबरनाथला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम एक सकाळ काढून त्या बाजूला फिरून आलो. संरक्षण खात्याच्या हद्दीत शिरायचं नाही हे आधीच ठरवलं होतं, सार्वजनिक रस्त्यावरूनच पाहिलं. खरं सांगायचं तर फोटो काढून लाइक मिळवावेत असं काही तिथे नाही. गवत, चिखल, भिंत, मागे मलंगगडाचा सुळका. सिनेमात दाखवतात तसं मोडकं विमान वगैरे काही नाही. मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडला तर भाताच्या वाकड्यातिकड्या बांधांमध्ये एक सरळ रेघ दिसते. शेतकरी एवढी सरळ रेघ कधी मारत नाही. त्याचा बांध ओढ्याने, उताराने आणि भाऊबंदकीने वळतो. ती सरळ रेघ म्हणजे १९४२ ची घाई.

रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेताना दोन-तीन जाणत्या माणसांशी बोलणं झालं. मी बाहेरचा, त्यातून पत्रकार, म्हणून आधी कुणी बोलेना. कळवणचा आहे, कांद्याच्या गावचा आहे म्हटल्यावर जरा मोकळे झाले. त्यांच्या बोलण्यात 'घेतली' हा शब्द एकदाही आला नाही. ते 'नेली' म्हणत होते. आणि 'परत' हा शब्द प्रत्येक वाक्यात.

आता एक गोष्ट सातासमुद्रापारची, पण या विषयाला तंतोतंत लागू पडणारी. ज्या इंग्रजांनी नेवाळीची जमीन घेतली, त्यांच्याच देशातली.

इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात क्रिचेल डाउन नावाची ७२५ एकर जमीन आहे. १९३८ मध्ये तिथल्या हवाई खात्याने ती बॉम्ब टाकण्याच्या सरावासाठी घेतली. ती चक्क विकत घेतली होती, साधारण बारा हजार पौंड देऊन. १९४१ मध्ये पंतप्रधान चर्चिल यांनी संसदेत शब्द दिला की अशा जमिनींची गरज संपली की त्या मूळ मालकांना परत देऊ. युद्ध संपलं. हवाई खात्याने जमीन परत देण्याऐवजी शेती खात्याच्या ताब्यात दिली. शेती खातं म्हणालं, आता हिची किंमत वाढली, आम्हीच वापरू.

मूळ घराण्याची मुलगी आणि तिचा नवरा मार्टन हे दोघं हट्टाला पेटले. हा मार्टन कोण? इंग्लंडच्या नौदलातला अधिकारी! नौदलाचा माणूस सरकारकडून जमीन सोडवायला उभा राहिला. चौकशी झाली, अधिकाऱ्यांनी केलेली टोलवाटोलवी चव्हाट्यावर आली आणि जुलै १९५४ मध्ये शेतीमंत्री सर थॉमस डगडेल यांना राजीनामा द्यावा लागला. ७२५ एकरांसाठी मंत्र्याचं पद गेलं. त्यानंतर तिथे नियमच झाला : सक्तीने घेतलेली जमीन सरकारला नकोशी झाली, तर आधी मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना विचारायचं, त्यांना त्या वेळच्या भावाने देऊ करायची. आजही त्याला 'क्रिचेल डाउन नियम' म्हणतात.

मार्टन मोठ्या घरातला होता, इंग्रजी बोलणारा होता, संसदेत त्याच्या ओळखी होत्या, हे मान्य. नेवाळीच्या भात पिकवणाऱ्या आगरी शेतकऱ्याकडे त्यातलं काय होतं? पण नियम माणूस बघून बदलत असेल तर त्याला नियम कसं म्हणायचं?

आपल्याकडे अगदीच अंधार आहे असंही नाही. बेंगळुरूतल्या एका कुटुंबाची जमीन १९६३ मध्ये संरक्षण खात्यासाठी अधिग्रहित केली होती. ज्या १९५२ च्या कायद्याखाली ती घेतली, त्याचा अंमल १९८७ ला संपला. ताबा मात्र सुटला नाही. खटला चालत राहिला. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ३३ वर्षं तुम्ही कायद्याच्या आधाराशिवाय बसला आहात, तीन महिन्यांत जमीन परत करा. देशाच्या संरक्षणाचं कारण पुढे केलं म्हणून नागरिकाच्या मालमत्तेचा हक्क हवेत विरत नाही, हा त्या निकालाचा अर्थ. ही केस आणि नेवाळी एकच आहे असं मी म्हणत नाही. कायदा वेगळा, कागद वेगळे. पण फरक कशाने पडला ते बघा. त्या कुटुंबाची जमीन अधिग्रहित झाली होती, संपादित नव्हती, हे कोर्टापुढे उभं राहिलं.

संपादन एकदा झालं की गोष्ट फार अवघड होते. १८९४ च्या जुन्या कायद्याने संपादित झालेली जमीन सरकारने वापरली नाही, तरी मूळ मालकाला ती हक्काने परत मागता येत नाही, असं कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. २०१३ च्या नव्या कायद्यात कलम १०१ आलं. ताबा घेतल्यापासून पाच वर्षं जमीन वापरली नाही तर ती मूळ मालकाला, वारसांना किंवा सरकारच्या लँड बँकेला परत जाईल. त्यातला 'किंवा' शब्द नीट वाचा. सगळी मेख तिथे आहे.

आता आपल्याकडे येतो. कळवण तालुक्यात विमानाची धावपट्टी नाही. पण गेलेली जमीन आहे. चणकापूर धरण इंग्रजांच्या काळातलं. पुनदचं अर्जुनसागर नंतरचं. कालवे, चाऱ्या, रस्ते, सरकारी इमारती, सगळ्यांखाली कुणाचा तरी गट नंबर आहे. वनजमिनीची गोष्ट तर उलट्या बाजूने तीच. नांगर आपला, दप्तर वनखात्याचं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला गेलेल्या लाँग मार्चमध्ये आपल्या आणि सुरगाण्याच्या वाड्यापाड्यांतली माणसं रक्ताळलेल्या पायांनी चालली, ती याच एका कागदासाठी. त्या वेळचे आपले आमदार जे. पी. गावित त्यात पुढे होते. पक्ष कुठला का असेना, मागणी साधी होती : जी कसतोय ती आमच्या नावावर दाखवा.

म्हणून हात जोडून विनंती. घरातली जुनी पत्र्याची पेटी या रविवारी उघडा. आजोबांच्या नावाची एखादी नोटीस, निवाड्याची प्रत, मोबदल्याची पावती, जुना फेरफार, काहीही सापडेल. कागद जीर्ण असेल तर आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. मग चार गोष्टी तपासा.

एक, जमीन गेली ती अधिग्रहणाने की संपादनाने? आदेशात कोणत्या कायद्याचं नाव आहे?

दोन, जेवढी घेतली तेवढीच गेली का? मोजणी कुठवर होती आणि आज हद्द कुठे आहे?

तीन, सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून कोणाचं नाव आहे आणि ते कोणत्या फेरफाराने आलं? 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय? तो रकाना आपण कधीच वाचत नाही.

चार, ज्या कामासाठी घेतली ते काम तिथे झालं का?

जुने फेरफार आणि सातबारे आता बऱ्याच प्रमाणात स्कॅन होऊन ऑनलाइन मिळतात. नाही मिळाले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. अर्जाची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे केलेलाच नाही, हे वीस वर्षांच्या पत्रकारितेत मी शिकलेलं एकमेव पक्कं सत्य.

देशाच्या संरक्षणासाठी जमीन लागते. धरणालाही लागते, रस्त्यालाही लागते. द्यायला कुणी नाही म्हणत नाही. आपल्या भागातली कितीतरी पोरं फौजेत आहेत, आपल्याला कुणी देशभक्ती शिकवायची गरज नाही. पण घेताना जो शब्द दिला तो गरज संपल्यावरही पाळला गेला पाहिजे. विहिरीच्या बाबतीत तहसीलदार जे दर वर्षी करतात, ते मोठ्या खात्यांना अवघड का जावं?

तुमच्या घरी असे जुने कागद असतील, चणकापूर किंवा पुनदच्या वेळच्या आठवणी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील, तर खाली कॉमेंटमध्ये लिहा. गट नंबर आणि वैयक्तिक माहिती जाहीर टाकू नका, ती मला मेसेजमध्ये पाठवा. पुरेशी माहिती जमली तर गावनिहाय लिहायचा विचार आहे. आणि पोस्ट शेअर करणार असाल तर कल्याण-अंबरनाथला राहणाऱ्या आपल्या पोरांना जरूर टॅग करा. रोज ज्या नाक्यावरून जातात, तिथे काय पुरलंय ते त्यांनाही कळू द्या.